कबनूर येथील गृहनिर्माण व सार्वजनिक आरोग्य

कबनूर हे महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात, इचलकरंजी शहराला लागून वसलेले गाव आहे. भारताच्या जनगणनेने त्याची नोंद शहर म्हणून केली असली, तरी त्याचा कारभार दीर्घकाळ ग्रामपंचायतीकडेच राहिला. अशा वस्तीला जनगणनेच्या परिभाषेत ‘जनगणना नगर’ म्हणतात. घरकुल योजना, पाणीपुरवठा, सांडपाण्याची व्यवस्था आणि आरोग्यसेवा यांचे शासकीय निकष ग्रामीण व नागरी असे दोन वेगळ्या वाटांनी जातात. त्यामुळे वस्तुतः शहर आणि कायद्याने गाव असलेल्या कबनूरसारख्या वस्तीत स्वस्त घरांचा व सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न वेगळेच रूप घेतो. प्रस्तुत लेखात कबनूर व लगतच्या इचलकरंजी परिसरातील या प्रश्नाचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

कबनूरची वाढ समजून घेण्यासाठी प्रथम इचलकरंजीकडे पाहावे लागते. घोरपडे घराण्याच्या जहागिरीचे हे गाव. येथे १८९३ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. पुढील शतकात यंत्रमागांची संख्या लाखाच्या घरात गेली व शहराला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ असे नाव पडले. जागा अपुरी पडू लागली तशी माग, सायझिंग आणि कापडाशी संबंधित इतर उद्योगांची वस्ती शहराची वेस ओलांडून कबनूर, चंदूर, कोरोची, तारदाळ, खोतवाडी, यड्राव अशा गावांत पसरली. आज इचलकरंजी कोठे संपते आणि कबनूर कोठे सुरू होते, हे परक्या माणसाला रस्त्यावरून जाताना कळणे अवघड आहे.

मागावर काम करणारा मजूर हा या वाढीचा खरा कणा. तो जिल्ह्यातील खेड्यांतून आला, सीमेपलीकडील कर्नाटकातून आला आणि नंतरच्या काळात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथूनही आला. कांड्या भरणे, गाठी मारणे, कापड तपासणे अशी कामे मोठ्या प्रमाणात स्त्रिया करतात. मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते. काम बंद तर मजुरी बंद. अशा मजुराला घर कामाच्या जागेपासून चालत जाता येईल इतके जवळ लागते, कारण बारा तासांची पाळी संपवून दूरवर जाण्याइतका वेळ त्याच्याकडे उरत नाही आणि पैसाही उरत नाही. शहराच्या हद्दीत जमिनीचे भाव वाढले तेव्हा हद्दीला चिकटून असलेले कबनूर त्याला सोयीचे ठरले, ते याच कारणाने.

जनगणना नगर आणि वैधानिक नगर

राज्य शासनाने अधिसूचना काढून ज्या वस्तीला नगरपंचायत, नगरपरिषद वा महानगरपालिका दिली, ते ‘वैधानिक नगर’. जनगणना नगरासाठी अशा अधिसूचनेची गरज नसते. तीन कसोट्या पुरतात. लोकसंख्या किमान ५,००० असावी, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात असावेत आणि लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० असावी. भारतातील जनगणना नगरे २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. महाराष्ट्रात २०११ मध्ये वैधानिक नगरे २५६, तर जनगणना नगरे २७९ होती. म्हणजे राज्यात शहर म्हणून मोजल्या गेलेल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी शहराचे प्रशासन नव्हते.

कबनूरच्या बाबतीत ही तफावत अधिकच ठळक आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार लहान नागरी क्षेत्र ठरण्यासाठी लोकसंख्या २५,००० पेक्षा कमी नसावी आणि शेतीबाह्य रोजगार किमान ३५ टक्के असावा. २०११ च्या जनगणनेत कबनूर ही पातळी ओलांडून बरेच पुढे गेले होते. त्याच जनगणनेत सव्वातीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या इचलकरंजी नागरी समूहात त्याचा समावेश झाला. तथापि कसोटीला उतरणे आणि नगरपरिषद मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण अधिसूचना काढणे हा शासनाच्या निर्णयाचा भाग आहे.

ग्रामपंचायत अधिनियमानुसार मोठ्यात मोठ्या ग्रामपंचायतीतही सदस्यांची संख्या १७ च्या पुढे जात नाही. नगररचनेचा अधिकार हा याहून महत्त्वाचा फरक होय. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नगरपरिषद ही नियोजन प्राधिकरण असते. तिला विकास आराखडा करून घरे, रस्ते, शाळा, दवाखाने व उद्याने यांसाठी जागा राखून ठेवता येतात. ग्रामपंचायतीला हा अधिकार नाही. जमीन मोकळी असताना ती राखून ठेवणारा कोणी नसतो आणि वस्ती दाटल्यावर दवाखान्यासाठी जागा शोधायची वेळ येते. हद्दीला लागून वाढलेल्या बहुतेक गावांची हीच कथा आहे.

वस्तीचे स्वरूप

या परिसरातील घरांचे साधारण तीन प्रकार दिसतात. खाली मागाचा कारखाना आणि वर मालकाचे घर, हा पहिला. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या भूखंडांवरची स्वतःची घरे, हा दुसरा. ओळीने बांधलेल्या एकेका खोलीच्या चाळी, बहुधा पत्र्याच्या छपराच्या, हा तिसरा. भाड्याने राहणारा मजूर येथे असतो. एकट्याने आलेले मजूर चार-सहा जणांत एक खोली घेतात. दिवसपाळीचा मजूर उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी येऊन झोपतो. काही जण मागाच्या शेडमध्येच अंग टाकतात.

आरोग्याच्या दृष्टीने यातील प्रत्येक प्रकाराचा स्वतंत्र त्रास आहे. पहिल्यात आवाज आणि सुताची धूळ घरात शिरते. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावे लागते; वर्षानुवर्षे अशा आवाजात काम केल्यास श्रवणशक्ती कमी होते, आणि कापसाच्या धुळीने फुप्फुसांचा विकार जडू शकतो. तिसऱ्या प्रकारात दाटीचा प्रश्न आहे. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, म्हणून खिडकी नसलेली, उन्ह न येणारी, अनेकांनी वापरलेली खोली ही क्षयाला पोषक जागा ठरते. उन्हाळ्यात पत्र्याखाली दिवसा झोपणाऱ्या रात्रपाळीच्या मजुराची झोप होत नाही, ही बाब कोणत्याच आरोग्य अहवालात सहसा येत नाही.

घर आणि रोग यांचा हा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगची साथ उद्भवली. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिचे निदान केले. त्यानंतर दाट वस्त्यांतून हवा खेळावी आणि कामगारांना आरोग्यदायी घरे मिळावीत, या हेतूने १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाने चाळी बांधल्या, रस्ते रुंद केले, आणि या कामात पाडलेल्या घरांतील कित्येक गरीब कुटुंबे नव्या घरांत पोहोचलीच नाहीत अशी टीकाही ओढवून घेतली. भाडेकरूचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हापासून शिल्लक आहे.

घरकुल योजनांची चौकट

प्रधानमंत्री आवास योजनेचे नागरी आणि ग्रामीण असे दोन भाग आहेत. नागरी योजना जून २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यातील भागीदारी तत्त्वावरील परवडणारी घरे आणि स्वतःच्या जागेवरील घरबांधणी या घटकांत महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपयांचे अनुदान मिळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. ही योजना मूलतः वैधानिक नगरांसाठी आहे. २०१६ पासूनच्या ग्रामीण योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, शौचालयासाठी १२ हजार रुपये आणि रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी असे साहाय्य आहे. घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते.

कबनूरसारख्या वस्तीत ग्रामीण योजनेचे निकष विचित्र रीतीने लागू होतात. लाभार्थी निवडीचा आधार २०११ चे सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षण आणि नंतरची ‘आवास प्लस’ यादी हा आहे. पहिल्या टप्प्यात घरात मोटारसायकल किंवा फ्रिज असला, अथवा कुटुंबातील कोणी महिन्याला दहा हजारांहून अधिक कमावत असला, तरी नाव वगळले जाई. खेड्यात मोटारसायकल हे सुस्थितीचे लक्षण मानता येईल. यंत्रमागाच्या गावात रात्री पाळी सुटणाऱ्या मजुराला ती पायताणाइतकीच गरजेची असते. २०२४ मध्ये दुचाकी व फ्रिजच्या अटी काढून टाकण्यात आल्या आणि उत्पन्नाची मर्यादा पंधरा हजारांवर नेण्यात आली.

भाडेकरूची अडचण याने सुटत नाही. कच्चे घर किंवा बेघर असणे ही योजनेची मुख्य कसोटी आहे. पक्क्या भिंतींच्या दहा बाय दहाच्या खोलीत भाड्याने राहणारे कुटुंब बेघर ठरत नाही आणि ती खोली त्याच्या मालकीचीही नसते. बाहेरगावच्या मजुराचे नाव तर त्याच्या मूळ गावच्या यादीत असते, जेथे तो राहत नाही. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीत मजुरांचे तांडे गावाकडे निघालेले देशाने पाहिल्यानंतर, केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. ती नागरी योजनेचा भाग होती. सप्टेंबर २०२४ पासूनच्या नागरी योजनेच्या दुसऱ्या आवृत्तीतही भाड्याची घरे हा घटक आहे. ग्रामीण योजनेत असा घटक नाही. खेड्यात भाडेकरू नसतात, असे जणू गृहीत धरले आहे.

‘समावेशक गृहनिर्माण’ या नावाने महाराष्ट्रात आणखी एक तरतूद आहे. ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना २० टक्के हिस्सा लहान सदनिकांसाठी किंवा लहान भूखंडांसाठी ठेवावा लागतो. परंतु ती दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरती आहे. इचलकरंजी तिच्या कक्षेत येत नाही, मग कबनूरचा प्रश्नच उद्भवत नाही.

हद्दीची ही अडचण ओलांडता येते, याचे उदाहरण सोलापूरजवळ आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे, म्हणजे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, विडी कामगार स्त्रियांसाठी कॉम्रेड गोदुताई परुळेकर सहकारी संस्थेची दहा हजार घरे उभी राहिली व २००६ मध्ये त्यांचे हस्तांतरण झाले. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली ते काम झाले. त्याच परिसरात रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प नागरी आवास योजनेतून हाती घेण्यात आला. जानेवारी २०२४ मध्ये त्यातील पंधरा हजार घरे विडी, यंत्रमाग व असंघटित क्षेत्रातील कामगारांना देण्यात आली. येथे कामगार संघटित होते आणि घर ही त्यांची मजुरीइतकीच जुनी मागणी होती.

जमीन आणि कागद

घर बांधण्यासाठी अनुदान मिळाले तरी पायाखालची जमीन स्वतःच्या नावावर असावी लागते. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा अनेक कुटुंबांकडे असतो. परंतु ती करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातील घरांना २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून मिळकत पत्रिका मिळू शकतात. नव्या वस्त्या मात्र बहुतांशी गावठाणाबाहेर आहेत. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यामुळे एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार नियमबाह्य ठरत आले. ते नोटरीपुढे किंवा सामाईक खरेदीखताने होत राहिले. पैसे मोजून घेतलेली जागा कागदावर दुसऱ्याचीच राहिली. गुंठेवारी नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये कायदा केला. २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरच्या भूखंडांपर्यंत वाढवली.

गायरानातील घरांचा प्रश्न यापेक्षा बिकट आहे. मुंबई उच्च न्यायालयात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुनावणी झाली, तेव्हा राज्यातील गायरानांवर २ लाख २२ हजारांहून अधिक बांधकामे असल्याची आकडेवारी पुढे आली. ती हटवण्याचे आदेश निघताच कोल्हापूर जिल्ह्यातही नोटिसा गेल्या व मोर्चे निघाले. गायरानावर राहणाऱ्यांत भूमिहीन व दलित कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. ज्यांना गावात कधीच जागा दिली गेली नाही त्यांनी गावाच्या सामाईक जमिनीवर घर केले, हा इतिहास ‘अतिक्रमण’ या एका शब्दात मावत नाही. भूमिहीन लाभार्थ्यांना जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५० हजार रुपये मिळत, ते पुढे एक लाख करण्यात आले. यंत्रमाग पट्ट्यातील जमिनीच्या भावापुढे ही रक्कम तोकडी पडते.

पाणी, सांडपाणी आणि २०१२ ची काविळीची साथ

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या प्रवाहांतून सिद्ध होणारी पंचगंगा कोल्हापूर, इचलकरंजी अशा वस्त्यांचे सांडपाणी घेत नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. इचलकरंजीतील काळा ओढा घरगुती व औद्योगिक सांडपाणी याच नदीत आणतो. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की नदीतील घाण पातळ करण्यास पाणी उरत नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत ई प्रकारच्या काविळीची मोठी साथ आली. हजारो लोकांना लागण झाली, काहींचा मृत्यू झाला. या रोगाचा विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतो व दूषित पाण्यातून पसरतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. त्यामुळे रुग्ण दवाखान्यात येऊ लागतात तेव्हा पाणी दूषित होऊन महिना-दीड महिना लोटलेला असतो आणि तोवर ते असंख्य घरांत पोहोचलेले असते. बहुतेक रुग्ण विश्रांतीने बरे होतात. गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, हा आजार जीवघेणा ठरतो आणि अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकांद्वारे मुंबई उच्च न्यायालयातही गेला होता.

ही साथ शहराची म्हणून नोंदली गेली. परंतु पाणी, ओढा आणि मजूर यांपैकी कोणीही हद्द पाळत नाही. कबनूरमध्ये राहणारा माणूस इचलकरंजीत काम करतो, तेथील हॉटेलात चहा पितो, मुलाला तेथील शाळेत घालतो. सांडपाण्याच्या व्यवस्थेचे निकष मात्र वेशीवर बदलतात. मलनिस्सारण वाहिन्या असलेल्या शहरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हा मापदंड आहे. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी तो ५५ लिटर आहे. ग्रामीण स्वच्छतेची कल्पना शौचालयाचा खड्डा आणि परसातील शोषखड्डा यांवर उभी आहे. जेथे घराला घर चिकटलेले आहे तेथे परस कोठून येणार? शिवाय पंचगंगेच्या काठची काळी चिकणमातीची जमीन पाणी सहजी शोषत नाही. परिणामी गटार उघड्यावर वाहते, आणि जवळच विंधनविहीर असली तर दोन्ही पाण्यांची भेट जमिनीखाली होते.

पाण्याच्या पर्यायी स्रोताची इचलकरंजीची धडपड सर्वपरिचित आहे. वारणा नदीतून दानोळी येथून पाणी आणण्याच्या योजनेला वारणाकाठाने विरोध केला. नंतरच्या दूधगंगेवरील सुळकूड योजनेला कागल परिसराने विरोध केला. विरोध करणाऱ्यांची भूमिका अशी, की आधी पंचगंगा स्वच्छ करा. ही मागणी चुकीची म्हणता येत नाही, आणि तोवर शहराने काय प्यावे याचे उत्तरही तिच्यात नाही.

आरोग्यसेवा

ग्रामीण निकषांनुसार ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र व ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित असते. शहरात ५०,००० मागे एक नागरी आरोग्य केंद्र असते. कागदावर पाहता येथे ग्रामीण माप अधिक उदार आहे. आशा सेविका व अंगणवाडी यांचे जाळेही ग्रामीण व्यवस्थेत अधिक घट्ट विणलेले आहे. तथापि ते जाळे स्थायिक कुटुंब गृहीत धरते. दोन-तीन वर्षांनी खोली बदलणारे, दिवसा झोपणारे वा सणाला दूरच्या गावी जाणारे कुटुंब लसीकरणाच्या आणि क्षयाच्या पाठपुराव्यातून निसटते. मोठ्या आजारासाठी परिसराची भिस्त इचलकरंजीच्या इंदिरा गांधी रुग्णालयावर आहे. पूर्वी नगरपरिषद चालवीत असलेले हे रुग्णालय पुढे राज्य शासनाकडे गेले.

हद्दवाढ की स्वतंत्र नगरपरिषद

२०२२ मध्ये इचलकरंजी नगरपरिषदेची महानगरपालिका झाली, ती नगरपरिषदेच्या हद्दीतच. लगतची गावे बाहेर राहिली. कबनूरला स्वतंत्र नगरपरिषद मिळावी, अशी मागणी स्थानिक राजकारणात वेळोवेळी पुढे येत राहिली आहे. हातकणंगले तालुक्यातीलच हुपरीला आणि शेजारच्या तालुक्यातील शिरोळला गेल्या दशकात नगरपरिषदा मिळाल्या.

गावांचा शहरात जाण्यास विरोध असतो तेव्हा तो केवळ पुढाऱ्यांच्या खुर्चीसाठी आहे, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रामीण भागाला रोजगार हमीचे काम मिळते; शहरी झाल्यावर तो हक्क जातो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के, तर शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के लोकांना स्वस्त धान्य मिळते. घरपट्टी वाढते आणि बांधकाम परवानगी महाग होते. कोल्हापूर शहराची हद्दवाढ याच भीतीने दशकानुदशके अडली. अखेर २०१७ मध्ये भोवतालच्या ४२ गावांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा मार्ग काढण्यात आला. दुसऱ्या बाजूला, ज्याच्याकडे शेती नाही, गावठाणात घर नाही आणि रोजगार हमीचे जॉबकार्डही नाही, त्या भाडेकरू मजुराला गावपणाचे हे फायदे मिळत नाहीत आणि शहराच्या भाड्याच्या घरांच्या योजनाही लागू होत नाहीत. ग्रामसभेत त्याची उपस्थिती नगण्य असते, कारण त्याचे नाव बहुधा मतदारयादीत दुसऱ्याच गावी असते.